लॅब सर्व्हरचा कर्नल, एनएफ-टेबल्सचा बग आणि चालू प्रॅक्टिकलं: रीबूट थांबवता येईल का?

तळमजला_लॅब · ४ एप्रिल २०२४

नमस्कार मंडळी,

जळगाव जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जानेवारीत सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून लागलोय. नाव अ‍ॅडमिन, पण प्रिंटरच्या टोनरपासून हजेरीच्या बायोमेट्रिकपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. त्यातच एक लॅब सर्व्हर आहे. उबंटू २२.०४, एकच दणकट मशीन, सेकंड इयर ते फायनल इयरच्या सगळ्या मुलांना एसएसएच लॉगिन. सी, डेटा स्ट्रक्चर, ओएसची प्रॅक्टिकलं त्याच्यावरच होतात. एमएल प्रोजेक्टवाल्यांसाठी आत एक एनव्हिडियाचं कार्डही आहे.

प्रश्न सीव्हीई-२०२४-१०८६ चा. सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-बगाचा नंबर, आणि हा बग एनएफ-टेबल्समधला, म्हणजे लिनक्स कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) फायरवॉलचे नियम चालवणाऱ्या भागातला. थर्ड इयरचा एक मुलगा मोबाईलवर गिटहबचं पान उघडून माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "सर, हे आपल्या सर्व्हरवर चालेल का?" पोरगा सरळ, म्हणून विचारलं तरी. मी बसून वाचलं. साध्या यूजरचा थेट रूट, म्हणजे अख्ख्या मशीनचा मालक, होतो, कोड तयार आहे, फक्त कंपाइल करायचा.

एचओडी सरांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, त्यात ‘लोकल’ लिहिलंय, बाहेरून कोणी येऊ शकत नाही, फायरवॉल आहे, युनिव्हर्सिटीची प्रॅक्टिकलं चालू आहेत, संपल्यावर बघू. त्यांचंही खोटं नाही. रीबूटनंतर मशीन उठलंच नाही तर एक्स्टर्नलसमोर काय सांगणार?

दुसरं म्हणजे मला हे आकडेच कळेनात. लेखात लिहिलंय ५.१५.१४९ मध्ये दुरुस्त झालं. आमच्याकडे ‘युनेम’ (चालू कर्नलचा नंबर सांगणारी कमांड) दाखवतो ५.१५.०-९१. म्हणजे आम्ही १४९ पायऱ्या मागे आहोत का? अपग्रेड मारलं तर काही पॅकेजेस ‘मागे ठेवली’ म्हणतो आणि गप्प बसतो. संक्रांतीपासून मशीन बंद पडलेलं नाही, याचं आधी कौतुक वाटायचं.

रीबूट न करता काही करता येईल का? आणि कोणी आधीच हात मारला असेल तर कळणार कसं?

नेटवर्क_नाना · ४ एप्रिल २०२४

लोकल आहे, एवढं काय मनावर घेताय. दर आठवड्याला एक सीव्हीई येतो. सरांचं ऐका, परीक्षा होऊ द्या. तोवर नवीन लॉगिन देऊ नका म्हणजे झालं.

रीबूटवाली_पुणे · ५ एप्रिल २०२४

नाना, दर आठवड्याला सीव्हीई येतो हे खरं, आणि फेब्रुवारीपासून कर्नलवाले स्वतःच नंबर वाटायला लागल्यापासून तर ढिगाने येतात. पण त्यातल्या किती जणांचा चालू एक्सप्लॉइट, म्हणजे बगाचा फायदा घेणारा तयार कोड, थर्ड इयरच्या मुलाच्या मोबाईलवर असतो? प्रत्येक सीव्हीईला धावायचं नाही, मान्य. याला धावायचं.

आता सरांच्या ‘लोकल’बद्दल. लोकल म्हणजे हल्ला करणाऱ्याला मशीनवर आधी पाय टेकायला जागा हवी, एवढंच. ती जागा तुम्ही प्रत्येक मुलाला सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात कागदावर लिहून देता. आणि पासवर्ड बहुतेक ठिकाणी रोल नंबर किंवा जन्मतारीख असतो, म्हणजे एका मुलाचा पासवर्ड फुटला की बाहेरचाही लोकलच झाला. मी होस्टिंगमध्ये आहे, एकेका मशीनवर बरीच गिऱ्हाईकं असतात. आमच्याकडे असा लोकल बग आला की त्याच दिवशी हात लागतो. जिथे एकाच माणसाचं लॉगिन आहे असा डेटाबेस सर्व्हर मी निवांत रविवारपर्यंत ठेवीन. तुमचं मशीन त्यात बसत नाही.

बग नेमका काय आहे हे एकदा बघून घ्या, सरांना समजावताना उपयोगी पडेल. नेटफिल्टर म्हणजे कर्नलचा पॅकेट गाळणारा भाग, त्यात प्रत्येक पॅकेटवर निकाल दिला जातो. ड्रॉप म्हणजे ०, अ‍ॅक्सेप्ट म्हणजे १. ड्रॉप करताना निकालाच्या वरच्या १६ बिटांत एरर कोड ठेवायची सोय आहे, आणि तिथे खराखुरा एरर कोड किंवा शून्यच असणार असं नेटफिल्टरचा गाभा धरून चालतो. पण एनएफ-टेबल्समध्ये यूजरने दिलेला निकाल तपासताना फक्त खालचा भाग बघितला जायचा. वरच्या बिटांत काहीही कोंबा, कोणी विचारायचं नाही. तिथे मुद्दाम बेतलेला आकडा घातला की गंमत होते. गाभा म्हणतो ‘ड्रॉप’ आणि पॅकेटची मेमरी सोडून देतो. मग वरच्या बिटांतला आकडा चिन्ह उलटवून परत पाठवतो, आणि तो निघतो १. ज्या फंक्शनने निकाल विचारला होता त्याला १ दिसतो, म्हणजे अ‍ॅक्सेप्ट. ते बिचारं सोडलेल्या मेमरीवरच पुढचं काम करतं आणि शेवटी तीच मेमरी पुन्हा सोडतं. डबल फ्री. दोन सोडण्यांच्या मधल्या फटीत त्या जागी आपल्याला हवं ते आणून बसवायचं. एक्सप्लॉइट लिहिणाऱ्याने पेज टेबलं बसवली आणि अख्खी मेमरी लिहिण्याजोगी करून घेतली.

हे २०१४ पासून, ३.१५ कर्नलपासून पडून होतं. यंदा जानेवारीत फ्लोरियन वेस्टफाल यांनी दुरुस्ती टाकली, म्हणजे खरं तर २०१४ चा तो बदल उलटवला, आणि सोबतच्या टिपणात लिहिलं की हा बदल मुळात का केला होता तेच कळत नाही. मला ते वाक्य भारी आवडलं. मेमरीच्या बगचे एक्सप्लॉइट बरेचदा चार वेळा मशीन आडवं पाडतात आणि पाचव्यांदा जमतात, त्यामुळे निदान लॉगमध्ये बोंब उठते. हा तसा नाही. लिहिणाऱ्याने स्वतः दिलेला आकडा काही कर्नलांवर ९९.४ टक्के यशाचा आहे, आणि ५.१४ ते ६.६ च्या पट्ट्यात तो चालतो. तुमचा ५.१५ बरोबर आत.

मग एनएफ-टेबल्सला नियम द्यायला नेटवर्क अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो, तो मुलाकडे कुठून आला? यूजर नेमस्पेसमधून, म्हणजे कर्नल यूजरला करून देतो त्या वेगळ्या कप्प्यातून. उबंटू २२.०४ वर कुणीही साधा यूजर स्वतःची नेमस्पेस उघडू शकतो आणि तिच्यात तो रूट असतो. भातुकलीतली गृहिणी म्हणा, पण गॅस मात्र स्वयंपाकघरातला खरा पेटतो, कारण खाली कर्नल एकच.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, रीबूट न करता हा रस्ता आज, आत्ता बंद करता येतो. ‘कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस_क्लोन’ ही सिसकंटोलची (sysctl, चालू कर्नलच्या सेटिंग्ज बदलणारी कमांड) किंमत ० करा, आणि तीच ओळ सिसकंटोल.डी फोल्डरमध्ये फाइल करून ठेवा, नाहीतर रीबूटनंतर पुन्हा उघडं. मग रूटने नाही, एखाद्या मुलाच्या लॉगिनने ‘अनशेअर -यूआर’ चालवून बघा. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं पाहिजे. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय झालं म्हणू नका.

यात एक मेख आहे. ही किंमत नवीन नेमस्पेस रोखते, आधी उघडलेल्या तशाच राहतात. मुलं टीमक्स (लॉगआउट केलं तरी चालू राहणारं टर्मिनल) सोडून घरी जातात आणि ते आठवडेच्या आठवडे चालू असतं. रूटने ‘एलएसएनएस -टी यूजर’ चालवा, मुलांच्या नावावर जे दिसेल त्याच्या प्रोसेस मारा.

एनएफ-टेबल्सचं मॉड्यूलच ब्लॅकलिस्ट करा असा सल्ला कुठेतरी वाचाल. करू नका. २२.०४ वर आयपीटेबल्स (फायरवॉलचे नियम लिहायची जुनी कमांड) आतून एनएफ-टेबल्सच वापरतं आणि यूएफडब्ल्यू (उबंटूचं फायरवॉलचं साधन) आयपीटेबल्सवर बसलंय. भोक बुजवायला जाल आणि फायरवॉलच काढून ठेवाल.

आकड्यांचं म्हणाल तर ५.१५.१४९ हा मूळ कर्नलचा नंबर. उबंटू स्वतःचा मोजतं, ५.१५.० कायम तसाच ठेवून पुढचा आकडा वाढवत जातं, आणि दुरुस्त्या मागून आणून त्यात घालतं. दोन्हींची तुलना करायचीच नाही. उबंटूच्या सुरक्षा पानावर हा सीव्हीई शोधा आणि तुमच्या पॅकेजच्या ओळीत बघा. साधा ‘लिनक्स’, एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा), क्लाउडवाले अशा वेगवेगळ्या ओळी असतात, घाईत भलतीच ओळ वाचली जाते. ९१ हा जानेवारीच्या आधीचा आहे, त्यामुळे त्याच्यात दुरुस्ती असणं शक्यच नाही.

आणि ‘मागे ठेवली’ म्हणतो तेव्हा ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ चालवून काय येतं ते इथे टाका. मला अंदाज आहे.

तळमजला_लॅब · ५ एप्रिल २०२४

ताई, तुमचा अंदाज बरोबर असणार. कर्नल इमेज आणि हेडर्स दोन्ही होल्डवर आहेत. माझ्या आधीच्या सरांनी एनव्हिडियाचा ड्रायव्हर बिघडू नये म्हणून केलं असावं, कुठे लिहून ठेवलेलं नाही. म्हणजे अपडेट आपोआप चालू आहेत असं आम्ही समजत होतो आणि कर्नल मात्र जागच्या जागी.

सिसकंटोल केलं. मुलाच्या लॉगिनने तपासलं, नॉट परमिटेड आलं. नेमस्पेसच्या यादीत फायनल इयरच्या दोघांच्या प्रोसेस होत्या, पॉडमनच्या (कंटेनर चालवणारं साधन). विचारलं तर प्रोजेक्टच्याच निघाल्या.

पण नवीनच भानगड. प्रॅक्टिकलचा ऑटोचेकर बंद पडला. मुलांचा सी कोड सबमिट झाला की तो रूटशिवायच्या पॉडमनमध्ये चालवून टेस्ट केस तपासतो, एका साध्या सर्व्हिस यूजरच्या नावाने. आता कंटेनरच उघडत नाही. सोमवारी सकाळी बॅच आहे. एक सहकारी म्हणतो, चेकर रूटने चालव, पाच मिनिटांचं काम. दुसरा म्हणतो परीक्षेपुरती किंमत १ कर आणि संध्याकाळी ०.

रीबूटवाली_पुणे · ५ एप्रिल २०२४

दोन्ही सहकाऱ्यांना चहा पाजा आणि कीबोर्डपासून लांब बसवा.

चेकर रूटने चालवायचा म्हणजे मुलांनी लिहिलेला कोड रूटच्या कंटेनरमध्ये. तिथून एखादा निसटला तर त्याला कर्नलचा बगही लागत नाही, सरळ रूट हातात. आणि परीक्षेपुरती किंमत १ म्हणजे नेमकी ज्या वेळी सगळी मुलं लॉगिन असतात तेव्हाच दार उघडं.

चेकरला वेगळं व्हर्च्युअल मशीन द्या. त्याच सर्व्हरवर केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवायची लिनक्सची सोय) असेल तर तिथे, नाहीतर लॅबमधला एखादा बरा डेस्कटॉप घ्या. ताजं २२.०४ टाका, सगळी अपडेट घ्या, एकदा रीबूट करा, म्हणजे दुरुस्त कर्नल आपोआप आला. तिथे नेमस्पेस चालू राहू द्या, चेकरला लागतात. मुलांची लॉगिनं तिथे एकही नको. मुलांचा कोड तिथे चालणार आहेच, म्हणून कंटेनरला नेटवर्क देऊ नका, आणि त्या मशीनवर मार्कांची फाइल ठेवू नका. चेकरने निकाल मुख्य सर्व्हरने मागितला की द्यायचा. मुख्य सर्व्हरवर लॉगिन करायची किल्ली (एसएसएच की) त्याच्याकडे ठेवू नका.

आता रीबूट. सिसकंटोल ही तात्पुरती खुंटी आहे, हा एक रस्ता बंद झाला. कर्नल अजून जुनाच आहे आणि जानेवारीनंतरच्या बाकीच्या दुरुस्त्याही त्यात नाहीत. रविवारी ७ तारखेला करा. मंगळवारी पाडव्याची सुट्टी आहे, काही घोळ झालाच तर निस्तरायला तो दिवस हाताशी राहील, सोमवारची बॅच मात्र तेवढी सांभाळा. होल्ड काढा, इमेज आणि हेडर्स दोन्हींवरचा. हेडर्स राहिले तर डीकेएमएसला (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारं साधन) एनव्हिडियाचं मॉड्यूल बांधता येणार नाही आणि ज्या भीतीने होल्ड लावला होता तेच होईल. इन्स्टॉल झाल्यावर, रीबूटच्या आधी, ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये नव्या कर्नलसमोर ‘इन्स्टॉल्ड’ दिसतंय का बघा. त्याच्याही आधी ‘/बूट’मध्ये जागा बघा, ते पार्टिशन वेगळं आणि लहान असेल तर इनिटआरडी (बूट होताना लागणारी फाइल) अर्धवट लिहिला जातो आणि मग खरी रात्र होते. एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी जोडायच्या डिस्कची यादी) एनएफएसचं, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कचं, माउंट असेल तर ‘नोफेल’ (जोडली गेली नाही तरी पुढे चल) घाला. मशीनसमोर मॉनिटर आणि कीबोर्ड लावून उभं राहा, घरून करू नका. जुना कर्नल ग्रबच्या (बूटच्या मेनूच्या) यादीत असतोच. नवा उठला नाही तर जुन्यावर या, फाइलमध्ये लिहिलेला सिसकंटोल तिथेही लागू होईल.

कोणी आधीच शिरलंय का, हे खात्रीने सांगणारी कमांड नाही. रूट झालेला माणूस त्याच मशीनवरचे लॉग पुसू शकतो. तरी ढिसाळ लोक खुणा सोडतात. कर्नलच्या लॉगमध्ये ऊप्स (कर्नल अडखळल्याची नोंद) किंवा मेमरीच्या तक्रारी, पासवर्ड फाइलमध्ये यूआयडी ० (रूटचा नंबर) असलेला दुसरा कोणी, रूटच्या ऑथोराइज्ड कीजमध्ये (पासवर्डशिवाय आत सोडणाऱ्या किल्ल्यांची यादी) अनोळखी ओळ, मार्चअखेरनंतर तारीख असलेल्या सेटयूआयडी (मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) फाइली, ‘डेबसम्स’मध्ये (पॅकेजच्या फाइली बदलल्यात का बघणारी कमांड) न जुळणारे बायनरी. मुलांच्या होम फोल्डरमध्ये एक्सप्लॉइटचा सोर्स पडलेला सापडला तर लगेच आरडाओरडा नको, आधी त्याची प्रत बाहेर घ्या. खरंच काही सापडलं तर साफसफाई करत बसू नका, डिस्कची इमेज काढा आणि मशीन नव्याने बांधा. सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ चे निर्देश वरिष्ठांच्या कानावर घाला, घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असं त्यात आहे. कळवायचं की नाही हा निर्णय तुमच्या एकट्याच्या खांद्यावर घेऊ नका.

यापुढे लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा. जुनं पेंटियमही चालेल.

गंजलेला_सी · ६ एप्रिल २०२४

सगळा कर्नल रस्टमध्ये (मेमरीच्या चुका रोखणारी भाषा) लिहिला असता तर हा धागाच नसता 😄

रीबूटवाली_पुणे · ६ एप्रिल २०२४

अर्धं खरं. मुळातली चूक आकडा नीट न तपासण्याची आहे, ती रस्टमध्येही सुखाने करता येते. फरक पुढे पडला असता. सोडलेलं पॅकेट परत वापरायला रस्टचा कंपायलर देत नाही, त्यामुळे चुकीचा निकाल मिळाला असता, एखादं पॅकेट हरवलं असतं, पण मेमरी हाती लागली नसती. कर्नलमध्ये रस्ट ६.१ पासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून आलंय. नेटफिल्टर रविवारपर्यंत काही त्यात लिहून होत नाही.

तळमजला_लॅब · ८ एप्रिल २०२४

अपडेट. रविवारी सकाळी केलं. ‘/बूट’ खरंच भरत आलं होतं, जुने दोन कर्नल काढले तेव्हा जागा झाली. एनव्हिडियाचं मॉड्यूल बांधलं गेलं, ‘एनव्हिडिया-एसएमआय’ला कार्ड दिसतंय. चेंजलॉगमध्ये आपला सीव्हीई नंबर सापडला, आणि चालू कर्नल तोच आहे हे ‘युनेम’ने बघितलं. एनएफएसने मात्र त्रास दिलाच, नोफेल घालूनही बूट दीड मिनिट अडकलं, कारण स्टोरेजचं मशीन माझ्या नंतर चालू झालं.

चेकर एका डेस्कटॉपवर हलवला. सोमवारची बॅच पार पडली, एक्स्टर्नलना काही कळलंही नाही. शोधाशोधीत संशयास्पद काही सापडलं नाही. एका मुलाच्या डाउनलोडमध्ये ती गिटहबची झिप होती, न उघडलेली. हा तोच मुलगा. त्याला ऑफिसात बोलावलं तर रडकुंडीला आला. सरांशी बोलून त्याच्यावर काही लावलं नाही, उलट सुट्टीत लॉग सर्व्हर उभा करायला त्यालाच घेतोय.

सिसकंटोल ० च ठेवलाय. पॉडमनवाल्या दोघांना चेकरच्या शेजारी वेगळं मशीन दिलं.

पतसंस्था_आयटी · १२ जून २०२४

जुना धागा वर आणतोय, माफ करा. ३० मे रोजी अमेरिकेच्या सिसाने (तिथली सरकारी सायबर सुरक्षा संस्था) हा सीव्हीई प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्यांच्या यादीत टाकला, त्यांच्या सरकारी खात्यांना २० जूनची मुदत दिली आहे. आम्ही नागपूरकडची एक पतसंस्था, शाखांचे सर्व्हर सेंटओएस ७ वर (रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची मोफत आवृत्ती). कर्नल ३.१०. ३.१५ पासून बग आहे म्हणजे आम्ही सुटलो ना?

रीबूटवाली_पुणे · १२ जून २०२४

नाही, त्या आकड्यावर जाऊ नका. रेड हॅटच्या ३.१० मध्ये पुढच्या कर्नलांतलं बरंच काही मागून आणून घातलेलं असतं, एनएफ-टेबल्ससुद्धा. ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग कर्नल’मध्ये सीव्हीई नंबर शोधा, नसेल तर यम अपडेट आणि रीबूट. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे: ७ वर ‘यूजर.मॅक्स_यूजर_नेमस्पेसेस’ मुळात ० असतो. कोणी कंटेनरसाठी वाढवून ठेवलेला नाही ना, एवढं प्रत्येक शाखेत बघा.

पण सेंटओएस ७ ची अपडेट ३० जूनला कायमची बंद होतायत. पुढच्या बगला शोधायला चेंजलॉगच नसेल. अल्मा किंवा रॉकीवर (सेंटओएसची जागा घेणारी लिनक्सं) जायची तयारी आत्ता सुरू करा. अल्मावाल्यांचं एलिव्हेट नावाचं साधन ७ वरून ८ वर जागच्या जागी नेतं, पण ते थेट शाखेत लावू नका. कोअर बँकिंगवाल्या व्हेंडरला आधी लेखी विचारा ८ वर त्यांचं सॉफ्टवेअर चालतं का, आणि एका शाखेचा बॅकअप वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून त्याच्यावर करून बघा. व्हेंडरचं उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून मेल आजच टाका.